आठ नंबरची जर्सी

गजामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरच्या फूलबाजारात तोरणासाठी झेंडूचा भाव पाडत होतो. फोन ठेवून फूलवाल्याला म्हटलं, "तोरण राहू दे, हार कर." त्याने वर दोन गुलाब फुकट दिले. मामा म्हणाला असता, "बघ, तुझी घासाघीस शेवटी माझ्याच कामी आली."

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. परळला आमच्या चाळीमागच्या मैदानावर तो आयुष्यभर हॉकी शिकवत आला. मोठ्यांच्या संघात कोणाला घ्यायचं याची त्याची एक परीक्षा होती. ट्रंकेतून आठ नंबरची जर्सी काढायची, पोराला घालायची, चड्डीत खोचायची. पाठीवरचा आकडा चड्डीत बुडाला की उमेदवार नापास. "अजून वर्षभर आपल्या वयाच्यांत खेळ. तिथे चुकायला मिळतं." आईबाप भांडायला येत, मामा त्यांना चहा पाजून परत पाठवी.

हा नियम त्याने एकदाच मोडला... माझ्यासाठी. मी चौदाचा, अंतिम सामना, आणि आमचा फॉरवर्ड तापाने आडवा. मामाने जर्सी कमरेशी दुमडली, दोन सेफ्टी पिना लावल्या आणि मला आत सोडलं. मी गोल मारला. पोरांनी मला खांद्यावर घेऊन लालबागपर्यंत नाचवलं, आणि मी मोठ्यांतच राहिलो. तिथे चुकलं की शिव्या, म्हणून चेंडू आला की मी तो दुसऱ्याकडे ढकलायचो. दोन वर्षांत माझं ड्रिबलिंग संपलं. "हातात गरम वडा आल्यासारखा चेंडू सोडतोस तू," मामा म्हणाला. मग हळूच, "पिना मीच लावल्या रे..." मला फारसं दुःख झालं नाही, मैदानावर राहिलेले गोल मी गप्पांत मारतो. त्याला मात्र त्या पिना कायम टोचत राहिल्या.

यंदा माझ्या चौदाच्या मुक्ताला एका क्लबने मोठ्यांच्या संघात बोलावलं. मी पेढे घेऊन मामाकडे धावलो. त्याने पेढा खाल्ला आणि मान हलवली.

"आजोबा, माझ्याबरोबरची एक मोठ्यांत गेली, मस्त खेळतेय," मुक्ता म्हणाली.

"खेळेल की. काहीजणी तरतात. कोण तरणार ते मला आधी कळत नाही. एकदा चुकलोय, तो समोर बसून पेढे संपवतोय."

"मग जर्सी घालून बघा ना."

"इस्पितळातून आलो की बघू."

तो आला नाही.

तेराव्यानंतर मामीने ट्रंक उघडली. क्लबला दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं होतं. मुक्ताने जर्सी घातली, खोचली आणि पाठ फिरवली. आठाचं वरचं वर्तुळ बाहेर, खालचं निम्मं चड्डीत. मी लगेच मामीच्या बांगडीत अडकवलेल्या पिनांकडे बघितलं. बाप माणूस, काय करणार...

"बाबा, पिन नको," मुक्ता न वळताच म्हणाली. "पुढच्या वर्षी परत घालून बघू."

क्लबला तसं कळवलं. जर्सी आता आमच्या घरी, दाराआडच्या खिळ्याला आहे. कमरेशी गंजाचे दोन ठिपके आहेत. मुक्ताने ती धुवायला काढली, तेव्हा मी तिला बजावलं, बाकी काय घासायचं ते घास, तेवढे दोन ठिपके माझे आहेत.