वरच्या वळणावरचं सातवं घर

डोंगरावर वाईन करणारी सात घरं होती आणि ताई पाहुण्यांना त्यातली सहाच दाखवायची.

ताई म्हणजे व्हॅन चालवणारी बाई. पन्नाशी ओलांडलेली, अख्खा डोंगर तिला ताईच म्हणायचा. कुठल्या घरी सासू स्वतः पिंपात उतरून ते घासते, कुठे दोघे जावई एकमेकांशी न बोलता एकाच टेबलावर लेबलं चिकटवतात, कोण तळघर दाखवता दाखवता आपल्या मूतखड्यावर घसरतो, हे सगळं तिला तोंडपाठ. वरच्या वळणावरचं सातवं फाटक आलं की मात्र ती गिअर बदलायची आणि म्हणायची, "इथलं कुत्रं चावतं."

ते तिचं माहेर. वडील गेल्यावर धाकट्या भावाने त्यांच्या हातचे जुने वेल उपटून नवे लावले. ताईने त्याला नको नको ते सुनावलं, त्यानेही काही बाकी ठेवलं नाही. तेव्हापासून दोघांत अबोला.

एकदा एक म्हातारं जोडपं फिरायला आलं होतं. नेमकी त्याच वळणावर दरड कोसळून रस्ता बंद झालेला, आणि त्यात आजींना घाईची लागलेली.

"समोर घर दिसतंय," आजोबा म्हणाले.

"कुत्रं आहे."

"चावू दे," म्हणत आजी उतरल्यासुद्धा.

वहिनीने फाटक उघडलं. आजींनी आत शिरता शिरता कुत्र्याची चौकशी केली.

"आमच्याकडे कुठलं कुत्रं?" वहिनी म्हणाली. मग तिची नजर व्हॅनकडे गेली. "हां, आहे. मागे टाक्या धुतोय."

रस्ता काही लवकर मोकळा होईना. शेवटी आजींनीच ताईला हाताला धरून आत नेलं. भाऊ हात पुसत आला. त्याने पेले मांडले, एक बहिणीपुढेही सरकवला. गाडी चालवायची म्हणून ताईने घोट नुसता तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला.

"कशी आहे?" आजोबांनी विचारलं.

"आमच्या बाबांची बरी असायची."

"बाबांच्या वेलांची मुळं किडली होती," भाऊ आजोबांकडे बघत म्हणाला. "ते उपटताना मला काय आनंद झाला असेल?"

"मग मला सांगायला काय झालं होतं?" ताई थेट त्यालाच म्हणाली.

"तू बोलू दिलंस?"

ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचे केस केव्हा एवढे पिकले, हे तिला कळलंच नव्हतं. तिने पेला पुढे केला. "आंबट आहे. ओत अजून."

आता ती सातही घरं दाखवते. सातव्या घरी बहीणभाऊ छाटणीवरून पाहुण्यांसमोरच कडाकडा भांडतात. पाहुण्यांना तो ठरवून केलेला कार्यक्रम वाटतो. काही जण टाळ्याही वाजवतात. वहिनी तेवढ्यात पेले विसळून घेते.