लुगड्याचा अभ्रा

मला लघवीच्या पिशवीचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी ती काढून टाकली आणि पोटावर प्लास्टिकची लावली. ह्याच आजाराची माणसं महिन्यातून एकदा बिबवेवाडीत जमतात, तिथं मी जायला लागलो. बायको जाऊन वर्ष झालं होतं. घरी बोलायचं कोणाशी?

तिथं लोणी काळभोरचा एक म्हातारा यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, कारण मला तो बघवायचाच नाही. बायकोचा हात धरून यायचा. मला वाटायचं, मिरवतोय. नवा पेशंट घाबरून बसलेला दिसला की हा सदरा वर करून आपली पिशवी दाखवायचा. उन्हाळ्यात प्लास्टिक कातडीला चिकटू नये म्हणून तिच्यावर जुन्या लुगड्याचा अभ्रा घातलेला असायचा.

एकदा मी बोललोच, "तुमचं बरंय. शिवून द्यायला घरात माणूस आहे."

तो हसला. "तिला दिसत न्हाय, पावनं. मीच शिवतो. ती बोटानं चाचपती, आन् टाका वाकडा लागला की म्हणती, उसव."

"मग? वाकडं घालून चारचौघांत जायचं व्हय?" म्हातारी म्हणाली.

मला लाज वाटायला हवी होती. उलट मी जास्तच जळलो.

घरी येऊन हिचं हिरवं लुगडं काढलं, तुकडा कापला आणि अभ्रा शिवला. सगळे टाके वाकडे आले. थोडा वेळ तसाच हातात धरून बसलो. उसव म्हणालं नाही कोणी. मग घातला तसाच.