चावडीवर मागे उभी राहणारी

रायपूर राजधानी झालं अन् शंकर नगरात जिकडेतिकडे घरं उठू लागली. कोपऱ्यावर रोज सकाळी काम शोधणाऱ्या मजुरांची चावडी भरायची. तिथं एक बाई सदा मागे उभी असायची, गळ्यात काळ्या दोऱ्यातला लाकडी क्रूस. ठेकेदार आला की पदर खोचून तयार व्हायची अन् दुसरीलेच पुढे ढकलायची.

एकदा मले गच्चीवर विटा चढवायच्या होत्या. मी तिलेच बोलावलं. तिनं बाजूला उभ्या आपल्या शेजारणीचा हात माझ्या हातात दिला.

"दीदी, इसको ले जाओ. इसके घर कल से चूल्हा नहीं जला."

"और तुम?"

"मेरे को तो प्रभु ने पहले ही चुन लिया है. वो देखता है."

दुपारी त्या शेजारणीनं डबा उघडला. चूल पेटली नाही, तर भात कुठला? "उसी ने दिया, अपना डब्बा," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. तशीच चावडीवर गेली. ती उन्हात एकटी उभी होती, काम न मिळालेली, उपाशी. मले पाहून हसली.

"देखा दीदी? भेज दिया न उसने."

मी तर तिले रागवायले गेली होती. मग हातात पोळ्या काहून घेतल्या होत्या, हे मले आजही समजत नाही.