राहनाळच्या शेठची पहिली चाल

पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्यांची एक जागतिक संघटना असते आणि त्यांचं स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद असतं, हे भिवंडीत बहुधा आम्हा दोघांनाच माहीत होतं. एक मी, कॉलेजचा ग्रंथपाल. दुसरे एक निवृत्त जॉबर, म्हणजे यंत्रमाग बिघडला की नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारे. सगळे त्यांना जॉबरकाका म्हणत. वीस वर्षं ते पोस्टकार्डावर चाली लिहून परदेशातल्या लोकांशी खेळले. एकेक डाव दोन-तीन वर्षं चाले. एकदा समोरचा खेळाडू मध्येच वारला, तेव्हा त्याच्या बायकोने कार्ड पाठवून ते कळवलं आणि खाली त्याची शेवटची चालही लिहिली. काका म्हणाले, चाल चांगली होती.

दोन हजार सालानंतर पोस्टकार्डं गेली आणि ईमेल आले. मला आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर द्यायची खोड आहे. तेवढ्या गुणावर संघटनेने मला अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीतल्या एका गटाचा संचालक नेमलं. पंधरा खेळाडू होते. त्यांनी आपापल्या घरी बसून एकमेकांना ईमेलने चाली पाठवायच्या, प्रत मला. दहा चालींना साठ दिवस. मी दिवस मोजायचे आणि भांडणं मिटवायची.

जॉबरकाका याच गटात आले. ते माझ्या ओळखीचे आहेत, हे मी संघटनेला कळवलं. उत्तर आलं की या खेळात सगळेच ओळखीचे असतात, नियम पाळले की झालं. पहिले दोघे अंतिम फेरीत जाणार होते. इथवर यायला काकांना अकरा वर्षं लागली होती आणि वय अडुसष्ट होतं. आणखी अकरा वर्षं ते हिशेबात धरत नव्हते. "ही एकच संधी," असं ते म्हणत.

काकांना कॉम्प्युटर येत नसे. धामणकर नाक्यामागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता. ईमेल आल्यापासून काका आपला पट घेऊन तिथे जात आणि पटावर चाल करत. कॅफेवाला भाई ती बघून टाइप करी. ईमेलमध्ये चाल आकड्यांत लिहितात, राजापुढचं प्यादं दोन घरं सरकलं की ५२५४. भाईला बुद्धिबळ येत नव्हतं, पण काकांनी पटाच्या कडेला स्केचपेनने आकडे घातले होते. बोलणं काही होत नसे. सोंगटी हलली, हात मागे आला, की भाई मेल पाठवी. शेजारच्या पानवाल्याची खात्री होती की म्हातारा मटक्याचे आकडे लावतो.

हे सगळं असंच शांतपणे सुरू झालं असतं. पण कॉलेजच्या एका समारंभात माझ्या तोंडून 'जागतिक' हा शब्द गेला आणि शेजारच्या खुर्चीवर राहनाळ गावचे एक शेठ होते. भाताच्या शेतांवर गोदामं उभी राहिल्यापासून त्यांना उद्घाटनांची गोडी लागली होती.

"जागतिक स्पर्धा भिवंडीत, आनि मांडव न्हाय?"

"शेठ, खेळाडू कुणी येणार नाहीत. घरी बसून खेळणार."

"कंच्या देशांत?"

"जर्मनी, पोलंड, अर्जेंटिना."

"मंग त्यांच्या र्‍हायाची सोय न्हाय बघाची. बरा झाला."

स्पर्धा शुक्रवारी सुरू होणार होती. शुक्रवारी माग बंद, त्यामुळे गल्ली शांत. कॅफेसमोर मांडव पडला. फलकावर 'जागतिक अजिंक्यपद स्पर्धा' एवढं मावलं, 'उपांत्य फेरीचा एक गट' हे मावलं नाही. पहिल्या रांगेत चौदा खुर्च्यांवर देशांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून त्या राखून ठेवल्या होत्या. अर्ध्या तासाने शेलार गावची मंडळी आली आणि त्यांवर बसली. पोलंडच्या खुर्चीवर एक आजोबा झोपी गेले. एका वक्त्याने बुद्धिबळामुळे तरुण पिढी व्यसनांपासून दूर राहते असं सांगितलं. आमच्या गटातला सर्वांत तरुण खेळाडू पंचावन्न वर्षांचा होता.

शेठना पहिली चाल करायची होती. मोठ्या स्पर्धांत पाहुणा तशी चाल करतो, फोटो निघतो, मग खेळाडू सोंगटी परत ठेवून हवं ते खेळतो. त्यात काही वावगं नव्हतं. काकांनी जर्मनीबरोबरच्या डावासाठी मांडलेला आपला पट दिला. भाईने कॅफेच्या खिडकीतून वायर ओढून कॉम्प्युटर टेबलावर आणला होता, शोभेसाठी, असं मला वाटलं.

"कंचा हलवू?" शेठनी विचारलं.

"कोणतंही प्यादं," मी म्हणालो. हे वाक्य माझं आहे, ते मी नाकारत नाही.

फोटोग्राफर उजवीकडे उभा होता, म्हणून शेठनी उजव्या टोकाचं, हत्तीपुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि हात मागे घेतला. टाळ्या वाजल्या. भाईने पट बघितला, ८२८४ टाइप केलं आणि मेल पाठवला.

काका सोंगटी परत ठेवायला वाकले तेव्हा भाई म्हणाला, "काका, भेजून टाकलं."

"काय?"

"चाल. तुमचा पट, तुमचा आयडी. मोहरा हलला, हात पीछे गया. रोज असंच तर करतो."

त्याचं काही चुकलं नव्हतं. पहिली चाल म्हणून हत्तीपुढचं प्यादं पुढे करणं ही मात्र चूकच. तीन महिने काकांनी वजिरापुढच्या प्याद्याचा अभ्यास केला होता. समोर जर्मनीतला एक निवृत्त पोस्टमास्तर होता, गटातला सर्वांत बळकट खेळाडू.

मांडवामागे काकांनी मला गाठलं. "रद्द करा."

"पाठवलेली चाल मागे घेता येत नाही, काका. नियम आहे."

"ती माझी चालच नाही."

"तुमच्या पत्त्यावरून गेली."

"तुम्ही आमचे का त्यांचे?"

"मी संचालक आहे," मी म्हणालो. ते उच्चारताना मला माझाच आवाज फलकावरच्या अक्षरांसारखा वाटला.

शेठना सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा पडला. "त्या जर्मनचा फोन द्या. मी सांगतो त्याला, हात माझा होता."

"शेठ, त्याला मराठी येत नाही."

"मंग त्याला हितं बोलवा. चार दिस र्‍हाउंदे, जेवुंदे, मंग सांगू."

जर्मनाने दोन दिवसांनी मला लिहिलं, ही चाल गंभीरपणे पाठवली आहे का? मी उत्तर दिलं, चाल वैध आहे. त्यापेक्षा जास्त लिहिणं संचालकाला शोभलं नसतं आणि खरं लिहिलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. मग तो एकवीस दिवस विचार करत बसला. जगातल्या सगळ्या पोस्टमास्तरांप्रमाणे त्यालाही वाटलं असावं की इतक्या लांबून आलेल्या गोष्टीत काहीतरी अर्थ असणार.

काका माझ्याशी बोलायचे थांबले. तरी त्यांच्या प्रत्येक चालीची प्रत मला येई, नियमाने. दीड वर्ष आमच्यात फक्त चार आकडी संवाद चालला. शेठ मात्र दर आठवड्याला ग्रंथालयात येऊन विचारत, "माझा प्यादा हाय ना अजून?" तो होता.

बाकीचे डाव काकांनी सुरेख खेळले. शेवटी हा एकच डाव उरला. जिंकला तर अंतिम फेरी, बरोबरी झाली तर अर्धा गुण आणि तिसरा क्रमांक, म्हणजे अर्ध्या गुणाने बाहेर. एका रविवारी सकाळी ते पट घेऊन माझ्या घरी आले.

"त्याने बरोबरी मागितली आहे," ते म्हणाले. "तुम्हाला सल्ला देता येत नाही, माहीत आहे. चहा देता येतो का?"

मी चहा केला. ते तासभर पटाकडे बघत राहिले. मीही बघत होतो, पण मला त्यात काही दिसत नव्हतं, हे संचालकपदाच्या आड येत नाही.

"नाही जिंकत," ते शेवटी म्हणाले. "बरोबरीच आहे."

"त्या पहिल्या चालीमुळे—"

"सोडा हो. एक चाल शेठची. बाकीच्या त्रेपन्न माझ्या. एकोणतिसाव्या चालीला घोडा डावीकडे न्यायला हवा होता, जिंकलो असतो. मी उजवीकडे नेला. तिथे काही फोटोग्राफर नव्हता."

त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या. दारात थांबून म्हणाले, "शेठना सांगा, त्यांच्या चालीने आपल्याला अर्धा गुण मिळाला. जर्मनाकडून."

मी निरोप दिला. शेठनी जरा विचार केला.

"अर्धाच?" ते म्हणाले.