नव्या संगणकाचे टर्बो बटण

नवा संगणक सुरुवातीचे काही महिने सावकाश चालवला, तरच तो पुढे वेगाने चालतो का? या एका प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे होते.

ऐंशीचे दशक सरत आले असताना ब्रह्मपुरीच्या आमच्या शाळेत पहिला संगणक आला. मी गणित शिकवीत असे आणि त्याचा कार्यभार मलाच मिळेल, असे धरून चालले होते. मुख्याध्यापकांनी तो विज्ञानाच्या सरांना दिला, कारण ते गावातले रेडिओ दुरुस्त करीत. त्यांच्या खिशातली संगणकाच्या खोलीची किल्ली मला कापडाआडूनही दिसू लागली.

आधी स्टॅबिलायझरची सुई स्थिर होऊ द्यायची, मग पडदा, शेवटी पेटीच्या बाजूचा लाल खटका. बंद करताना उलट क्रम. हे ते मुलांना इतके नेटके सांगत, की दाराशी उभी राहून मला एकही चूक सापडत नसे. त्याने जळफळाट वाढेच.

चूक सापडली ती टर्बो नावाच्या बटणात. ते दाबले की प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारा मुख्य भाग, जलद चालतो. सर ते कधीच दाबत नसत. नवी मोटारसायकल आमच्याकडे रुळेपर्यंत हळू चालवतात. तोच नियम त्यांनी इथे लावला होता. मी विचारले तेव्हा म्हणाले, "बाई, नवीन मशीन हाय, रुळू द्या ना. तुमाले काऊन एवढी घाई होऊन राह्यली?" सगळी शिक्षकखोली हसली.

पुढे वार्षिक निकालाचे काम संगणकावर इतके रेंगाळले, की मुख्याध्यापक ते पुन्हा हातानेच करण्याची भाषा बोलू लागले. सर लग्नाला आरमोरीस गेले, तेव्हा किल्ली एका दुपारपुरती माझ्याकडे आली. नुसते आकडे मोजणारा एक लहान प्रोग्रॅम मी लिहिला आणि मनगटी घड्याळ समोर ठेवून तो बटण न दाबता व दाबून चालवला. दुसऱ्या वेळी तो बराच लवकर संपला. पेटी नेहमीइतकीच कोमट होती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर निकालाचे काम सुरू करून मी बटण दाबले. गुण भराभर पडद्यावर सरकू लागले. किल्ली आता माझी, असे मला वाटले. आरमोरीहून परतून मागे उभे असलेले सर शांतपणे म्हणाले, "पाहा सर, रुळली मशीन. एवढे दिवस हळू चालवली, म्हनून आता पळून राह्यली."

मुख्याध्यापकांनी त्यांची पाठ थोपटली. मशीनची निगा कशी राखावी हे त्यांच्याकडून शिकून घ्या, असे मला सांगितले. पुढच्या वर्षीही कार्यभार त्यांच्याचकडे राहिला आणि संगणकाच्या तासाला धावणारी मुले मी वर्गाच्या खिडकीतून पाहत राहिले.

इंजिनासारखे घासून रुळणारे भाग प्रोसेसरमध्ये नसतात. पहिल्या दिवशी त्याची जी गती, तीच पुढेही. मात्र हे एका हेवा करणाऱ्या बाईचे मत आहे, म्हणून त्यावर विसंबू नका. नवा संगणक घरी येईल त्याच दिवशी एखादा प्रोग्रॅम घड्याळ लावून चालवा, काही महिन्यांनी तोच पुन्हा चालवा, आणि कृपया स्वतः पडताळून पाहा.