पुण्याची पॅसेंजर आणि मामांचा भात

"आली. उतरवा."

संध्याकाळी भिंतीपलीकडून हे दोन शब्द आले की समजायचं, पुण्याची पॅसेंजर दौंडात शिरली आणि शेजारच्या मामांचा भात स्टोव्हवरून खाली आला. मामा हे कुणाला सांगतात ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. त्यांच्या खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. एकदा दारातून पाहिलं तर उजव्या हाताची दोन बोटं वर करून ते रिकाम्या खोलीला सांगत होते. मग स्वतःच फडकं घेतलं आणि पातेलं उतरवलं.

तुम्ही कधी दौंडला राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, रुळांच्या कडेची माणसं घड्याळ कमी बघतात. मामांचं तर सगळं आयुष्य रेल्वेत, केबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढण्यात गेलेलं. ते रिटायर झाले आणि वर्षाच्या आत मामी गेल्या. मी शेजारी राहायला आले ती त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. मामींना मी पाहिलं नाही. मला ठाऊक आहे ते मामांनी सांगितलेलं.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, न्हावऱ्याच्या पुढचं. आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, वडिलांनी शेती धरली, आणि घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. भाऊ कुरकुंभला कंपनीत होता, त्याच्या खोलीवर मी राहायची. त्याचा डबा करायचा, कॉलेजला जायचं, आल्यावर अभ्यास. कॉलेजात मला बोलायचं सुचायचं नाही. कुणी काही विचारलं तर उत्तर घरी आल्यावर आठवायचं. भावाची सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळ फार मोठी व्हायची. भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे मामा, आणि दोन्हीकडे रॉकेलचा वास.

भाताची पद्धत मामींची होती. बारामतीची गाडी सुटली की त्या तांदूळ टाकत आणि पुण्याची पॅसेंजर आली की पातेलं उतरवत. त्या गाडीवर मामांची ड्यूटी संपायची. ते चालत घरी येईपर्यंत भात वाफेवर बसलेला असायचा. "गार भात कसा असतो ते मला ठावं न्हाई," मामा म्हणायचे.

मामी गेल्यावर मामांनी तेच टाइमटेबल चालू ठेवलं. फक्त गाडी कधी उशिरा येते. मामी अशा वेळी भात बघायच्या. मामा गाडी बघायचे.

मी भिंतीवर थाप मारायची. "मामा, भात लागलाय!"

"भात न्हाई लागला. गाडी लेट हाय."

आठवड्यातून चार दिवस गाडी लेट असायची. जळका वास आमच्या चाळीत इतका रोजचा झाला होता की नंतर नंतर तो येतोय हेसुद्धा कळेनासं झालं.

बाकीचा स्वयंपाक मी भिंतीतून शिकवला म्हटलं तरी चालेल. मी सांगायची, "चिमूटभर मीठ टाका."

"कुणाची चिमूट? माझी का तुझी?"

"तुमची टाका."

"तसं न्हाई चालत पोरी. रेल्वेत माप असतं." मग ते उठून येत आणि माझी चिमूट कागदावर घेऊन जात. एकदा मी माझी चिमूट दिली, आणि मामांच्या पलीकडच्या खोलीतल्या बाईंनीही दिली. मामांनी कुणाचं मन मोडायला नको म्हणून दोन्ही टाकल्या. त्या दिवशीची आमटी मांजरानंही सोडली.

कणीक मळता मळता मालगाडीचा आवाज आला की मामा पिठाच्या हातांनी दारात. "दोन इंजिनं लावलीत बघ. लोड जास्त असणार." शेवटचा डबा जाईपर्यंत ते हलायचे नाहीत. आत दूध उतू जायचं. परत आले की स्टोव्हकडे बघून म्हणायचे, "हितं कुणी ड्यूटीवर न्हवतं व्हय?" आणि स्वतःच फडकं घेऊन पुसायला लागायचे. ड्यूटीवर पूर्वी कोण असायचं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यांचा मुलगा भोसरीच्या पुढे राहायचा, कंपनीत होता. चांगला माणूस. थंडीत एकदा तो न कळवता आला, तेव्हा मामा भिंतीला टेकून झोपलेले आणि समोर पेटता स्टोव्ह. पातेल्याचा कोळसा झालेला. पोरगं घाबरलं. रागानं बोलला, पण भीतीच होती ती.

"आप्पा, बास झालं आता. चला आमच्याकडं."

"हितं काय वाईट हाय?"

"काय खाता, कवा खाता, काय पत्ता न्हाई. उद्या घर पेटलं तर?"

बरीच बोलाचाली झाली. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात सगळी येतो. तुमच्या हातचं नीट जेवण दिसलं तर ऱ्हावा हितं, मी पुन्हा बोलणार न्हाई. न्हाईतर बॅग भरायची."

मामांनी दोन बोटं वर केली. "मंजूर."

त्या महिन्यात मामांनी फक्त दोनच पदार्थ धरले. भात आणि हुलग्याच्या शेंगोळ्या. मामींच्या शेंगोळ्या मुलाला फार आवडायच्या. माझ्या आईला त्या येतात, म्हणून मलाही येत होत्या. पिठात लसूण, मिरची, जिरं घालून मळायचं, बोटाएवढ्या वळ्या करायच्या, त्या वाकवून टोकं जुळवायची आणि उकळत्या रश्शात सोडायच्या. मामांच्या वळ्या एकसारख्या, पण सगळ्या सरळ.

"मामा, गोल करा."

"सरळला काय झालं?"

"रूळ टाकल्यासारखं दिसतंय."

ते हसले. हसताना त्यांचा एक हात तोंडावर जायचा, तो पिठाचा होता. मिशीला पीठ लागलं. मला माझ्या आजोबांची आठवण आली आणि मी पुस्तकात तोंड घातलं.

हळूहळू त्या गोल झाल्या. रस्साही जमला. शेवटच्या आठवड्यात मला वाटी दिली तेव्हा मी खरंच दुसऱ्यांदा मागितली. त्या दिवशी रात्रभर... नाही, रात्रभर नसेल, पण बराच वेळ पलीकडून गुणगुणणं ऐकू येत होतं.

ठरलेल्या रविवारी ते सकाळपासून कामाला लागले. दुपारनंतर शेंगोळ्या तयार झाल्या. संध्याकाळी बारामतीची गाडी सुटली, तांदूळ टाकले. मुलगा पुण्याच्या पॅसेंजरनं येणार होता. मामांनी धुतलेला सदरा घातला आणि माझ्या दारात आले.

"पोरी, मी टेसनावर जातो. नातवंडं हायेत, सामान आसंल. तेवढा भात बघ. गाडी आली की उतरव."

मी म्हटलं, "हो मामा. जावा तुम्ही."

"बारीक वात हाय. ध्यान ठेव बरं का." आणि जाता जाता वळून म्हणाले, "आज तू ड्यूटीवर."

परीक्षा दहा दिवसांवर होती. मी त्यांच्या खोलीत जाऊन बसायला हवं होतं. मी माझ्याच खोलीत, दाराशी पुस्तक घेऊन बसले. अर्थशास्त्राचं एक प्रकरण मला काही केल्या समजत नव्हतं, आणि त्या संध्याकाळी ते समजू लागलं. गाडीचा आवाज आला की उठायचं, एवढं मनात धरून मी वाचत राहिले. गाडी स्टेशनाबाहेर, आउटर सिग्नलला थांबली होती. ती येईना, आणि मी उठेना. मध्ये जळका वास आला असणार. तो तर रोजच यायचा.

गाडी आल्यावर मी धावले. झाकण उचललं. वरचा भातसुद्धा तांबडा झाला होता, आणि खोलीभर धूर.

मी पातेलं हातात घेऊन उभी असतानाच ते सगळे आले. मुलगा, सून, दोन नातवंडं, आणि मागं मामा, डोक्यावर नातवाची पिशवी. मुलानं धूर पाहिला. तो ओरडला नाही, म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

"आप्पा, स्टोव्ह पेटता ठेवून टेसनावर आला व्हय तुम्ही?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या काखेतल्या पुस्तकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हय. इसरलो. ध्यान ऱ्हात न्हाई आताशा."

जेवायला शेंगोळ्या आणि शेजारच्या बाईंनी दिलेल्या भाकरी. मुलानं पहिला घास घेतला आणि तो थांबला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग बायकोला म्हणाला, "आईसारख्याच झाल्यात, न्हाई?" आणि माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही केल्या ना? आप्पांचं काम न्हाई हे."

मी "नाही" म्हणणार होते. मामा माझ्या आधी बोलले. "हुशार हाय पोरगी. कॉलेजात शिकती."

म्हणजे त्यांचं चांगलं माझ्या नावावर गेलं आणि माझं वाईट त्यांच्या. मी मान खाली घालून भाकरी मोडत बसले. मामांनी माझ्या वाटीत आणखी रस्सा वाढला, त्यात तळाची एक शेंगोळी आली. ती सरळ होती, रुळासारखी. मी ती पटकन खाऊन टाकली. ती मुलाला दाखवली असती तर बरं झालं असतं, हे घशाखाली गेल्यावर सुचलं.

आठवड्यानं मामांची बॅग भरली. स्टेशनवर मी गेले होते. मुलगा तिकीट काढून आला तेव्हा मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी भात..."

"पोरी," मामा मध्येच म्हणाले, "गाडीच्या टायमाला बोलत बसू नये." गाडी सुटली तशी त्यांनी खिडकीतून दोन बोटं वर केली.

परीक्षा झाल्यावर मी त्यांना कार्ड लिहिलं. चूक माझी होती, दादांना सांगा, खोली अजून रिकामी आहे. उत्तर आलं. अक्षर केबिनच्या वहीतल्यासारखं, एकेक सुटं. भाताचा विषयच नव्हता. "तिसऱ्या मजल्यावर राहतो. येथे गाडी ऐकू येत नाही. सूनबाई कुकर लावते, जेवण वेळेवर असते. पुण्याची पॅसेंजर किती वाजता येते ते कळवणे."

मी कळवलं. पुढच्या कार्डातही कळवलं, कधी किती लेट ते सगळं. तिसऱ्या कार्डाचं उत्तर आलं नाही. चौथं मी लिहिलं की नाही ते आता आठवत नाही, बहुतेक लिहिलं.

त्या खोलीला पुढे बराच काळ कुलूप होतं. भाऊ सेकंड शिफ्टला असला की मी एकटीचा भात टाकायची आणि पुस्तक मिटून स्टोव्हसमोर बसायची. भात झाला की वात बारीक करायची, पण पातेलं उतरवायची नाही. गाडी यायची. पलीकडून आवाज यायचा नाही. मग मीच हळू म्हणायची, "आली," आणि उतरवायची.