परशुराम तारींचे कुरळे टोप

मिठबावच्या परशुराम तारींनी चोवीस वर्षं पडावावर, म्हणजे माल वाहणाऱ्या शिडाच्या गलबतावर, काढली. मंगलोरची कौलं मुंबईला, मुंबईचा किराणा मालवणला, असं करता करता गुडघ्यांनी दगा दिला आणि १९५४ साली ते कायमचे घरी आले. आता करायचं काय, हा प्रश्न त्यांना आठ दिवसांनी पडला. त्यांच्या बायकोला, यशोदेला, तो तिसऱ्याच दिवशी पडला होता. माणूस दिवसभर पडवीत बसून दोर वळायचा. कळशीला एक दोर पुरला असता, तिथं तीन झाले. गाईच्या दाव्याला तर त्यांनी अशी गाठ मारली की ती सोडवायला यशोदेला त्यांनाच झोपेतून उठवावं लागे.

गावात दर वैशाखात देवळासमोर नाटक व्हायचं. ते लिहायचा आणि बसवायचा दुकानदार भाई लाड, आणि नायिका व्हायचे शाळेतले गणपत मास्तर. मास्तर अंगानं शेलाटे, गळा गोड. फक्त केसांची उणीव. केस बोटीनं मुंबईहून यायचे. खऱ्या केसांचा टोप, जाळीवर एकेक केस गाठवलेला, पण पावसाच्या धारेसारखा सरळ. भाईच्या राणीला मात्र कुरळेच केस हवेत. म्हणून आदल्या वर्षी भिकाजी न्हाव्यानं लोखंडी चिमटा निखाऱ्यांत तापवून हात घातला. पहिली बट चिमट्यातच राहिली, दुसरीचा धूर झाला. जळक्या केसांचा वास भाईच्या दुकानातल्या गुळाला आठवडाभर येत होता, आणि राणी तिन्ही अंक डाव्या कानावर अबोलीचा गजरा दाबून गायली.

यंदा भिकाजीनं चिमट्याला शिवायचं नाही असं सांगून टाकलं. भाई दुकानात कपाळाला हात लावून बसला होता आणि तंबाखू घ्यायला आलेल्या परशुरामांनी न विचारता मत दिलं.

"केस म्हणजे दोरच रे भाई. ओलो दोर गुंडाळून सावळेत सुकयलो, की तो गुंडाळीच धरून रवता. तेका विस्तव कित्याक होयो?"

भाईला दुसरा इलाज नव्हता. त्यानं काम तिथल्या तिथं त्यांच्या गळ्यात घातलं.

बोलून बसल्यावर परशुरामांना घाम फुटला. दोर ठीक होता, पण केसांना त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. आधी हात बसवायला हवा म्हणून त्यांनी यशोदेची एक बट मागितली. माझ्या केसांना हात लावायचा नाही, असं तिनं चुलीसमोरून मागं न बघता सांगितलं. मग राहिली गाय. तिच्या शेपटीचा गोंडा त्यांनी धुतला, बटा पाडल्या आणि धोतराच्या चिंध्यांवर गुंडाळल्या. नुसत्या पाण्यावरचे कुरळे दुपारपर्यंत उतरले. दुसऱ्या खेपेला त्यांनी जास्वंदीची पानं चुरडून, त्यांचा बुळबुळीत रस फडक्यातून गाळून केसांना लावला. या खेपेला गाय चार दिवस कुरळ्या शेपटीनं चरून आली. लोक बांधावर थांबून बघायचे. परशुरामांना वाटलं, जमलं.

पण टोपाची पेटी देवगडऐवजी मालवणला उतरली, तिथून कुणीतरी ती कट्टा नावाच्या गावाला नेली, आणि एस.टी.च्या टपावरून मिठबावला पोचेपर्यंत नाटक दीड दिवसावर आलं. परशुरामांना पुरते दोन दिवस हवे होते. त्यांनी वेळ न घालवता टोप रिठ्याच्या गार पाण्यात धुतला, टोकांकडून वर असा हळूहळू विंचरला, जास्वंदीचा रस लावला आणि बोटाएवढी एकेक बट घेऊन चिंधीवर गुंडाळत गेले. एकूण एकसष्ट गुंडाळ्या झाल्या. टोप मडक्यावर चढवून सावलीत ठेवला.

हवा नेमकी दमट. नाटकाच्या दिवशी उन्हं कलली तरी गुंडाळ्या हाताला ओल्याच. मास्तर दर घटकेला येऊन चाचपून जात. टोप थोडा वेळ चुलीवर धरावा, असं भाईनं सुचवल्यावर परशुरामांनी मडकं मांडीवर घेतलं आणि ते खाली ठेवायलाच तयार होईनात. विस्तवाचं नाव काढायचं नाही. तिसऱ्या अंकापर्यंत सुकेल, तोवर राणीनं डोकं झाकून घ्यावं.

नाटक भाईचंच असल्यामुळं त्यानं उभ्या उभ्या पहिले दोन अंक बदलले. त्यांत आता राणीचं डोकं दुखू लागलं. एकसष्ट गुंडाळ्यांवर शालजोडी लपेटून मास्तर रंगमंचावर आले तेव्हा राणीचं डोकं भल्या थोरल्या भोपळ्याएवढं दिसत होतं. राजानं काळजीनं विचारलं, राणी कण्हली, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या हौसाबाई अस्वस्थ झाल्या.

हौसाबाई म्हणजे गावाचं औषध. कुणाचं काही दुखलं की त्या बोलावण्याची वाट बघत नसत. पहिल्या अंकानंतर त्या घरी जाऊन सुंठ उगाळून आल्या आणि दुसऱ्या अंकात, राणी गात असतानाच, वाटी घेऊन थेट रंगमंचावर चढल्या.

"वायच गप रव गो चेडवा," त्या म्हणाल्या आणि राणीच्या कपाळावर लेप थापू लागल्या.

मास्तरांना नाही म्हणता येईना; राणीच्या तोंडी तसं वाक्यच नव्हतं. लेप लावता लावता हौसाबाईंची बोटं शालीखाली गेली. त्या दचकल्या. मग प्रेक्षकांकडे वळून त्यांनी गंभीरपणे सांगितलं की टेंगळंच टेंगळं आहेत, राजानं हिला मारलेलं दिसतंय. राजाचं काम करणाऱ्या गावातल्या हरिश्चंद्राला त्याच्या सख्ख्या सासूनं बायकांच्या रांगांतून जाब विचारला. भाईनं पडदा पाडला.

आत परशुरामांनी गुंडाळ्यांना हात लावून पाहिला. सुकल्या होत्या. एकेक चिंधी त्यांनी हळूच ओढून काढली, फणी लांब फेकली आणि बटा नुसत्या बोटांनी मोकळ्या केल्या. तिसऱ्या अंकात राणी उघड्या डोक्यानं आली. काळेभोर कुरळे खांद्यांवरून खाली उतरले होते आणि मास्तरांनी मान वळवली की तेही मागोमाग वळत होते. परशुराम आतून बघत होते. पडाव बंदराला लागताना जसं वाटायचं तसं त्यांना वाटलं.

"बघलास?" हौसाबाई शेजारणीला म्हणाल्या. "सुंठीचो गुण."

त्या मरेपर्यंत हेच सांगत राहिल्या, आणि सरळ केसांच्या दोघीतिघींनी सुंठ लावून कपाळ भाजूनही घेतलं. पण नाटकवाल्यांना खरं काय ते कळलं होतं. दोन वर्षांत पार गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीपासूनचे टोप तारींच्या पडवीत येऊ लागले. मडकी ओळीनं मांडलेली असत. यशोदेनं कुरकुरत का होईना, जास्वंदीची सात झाडं लावली.

१९६३ साली सावंतवाडीकडच्या एका मंडळीत बाईची कामं करायला खरीखुरी बाई आली. आनंदी तिचं नाव. कंबरेपर्यंत केस, तेही स्वतःचे, आणि ते कुरळे करून घ्यायला ती पडवीत येऊन बसली. परशुरामांनी बट हातात घेतली. आनंदीनं मान वळवून विचारलं, दुखणार नाही ना? परशुरामांच्या हातातून बट सुटली. ते उठून आत गेले.

"माका नाय जमाचा," ते यशोदेला म्हणाले. "मडक्या बोलणा नाय."

नऊ वर्षं सगळं बघत आलेली यशोदा हात पुसून बाहेर आली आणि आनंदीच्या मागं बसली. परशुराम पाठ करून, माडांकडे तोंड करून सूचना देत राहिले. निम्म्या तिनं ऐकल्या नाहीत. दोन दिवसांनी चिंध्या सुटल्या तेव्हा त्यांनी लांबून निरखून पाहिलं आणि मानेजवळच्या बटा आणखी घट्ट हव्या होत्या एवढंच म्हणाले. यशोदेनं ते आपल्याला दिसतंय असं सांगितलं.

त्यानंतर मडकी त्यांची आणि डोकी तिची, अशी वाटणी झाली. दर साली टोप कमी होत गेले आणि डोकी वाढत गेली. परशुराम चिंध्या फाडून द्यायचे, रस गाळून द्यायचे, आणि आलेल्या बायकांना, पाठ करूनच, घाई करू नका म्हणून सांगायचे.